ओळंबा

कुंपणाच्या सळईला पाठ लावून बसतो मी.
पुढ्यात पुठ्ठा: नळ, गॅस,
संडास तुंबला तरी बोलवा.
शेजारी कासिमिरो, वायरमन.
पलीकडे रंगारी बसायचा;
मार्चपासून त्याची बादली दिसत नाही.

अकरा वर्षं मेक्सिकोचं हे थोरलं कॅथेड्रल
माझ्या पाठीशी आहे.
म्हणजे शब्दशः. तोंड माझं चौकाकडे,
झेंड्याकडे, गिऱ्हाइकांच्या बुटांकडे.
घंटा वाजते ती आधी सळईत येते, मग मणक्यात,
तेव्हा कळतं, बारा झाले
आणि अजून भवानी नाही.

आज फिदेन्सियो आला. आधी किल्ल्यांचा जुडगा ऐकू आला,
मग तो. "पाना आहे ना? चल.
पाद्रींच्या खोलीतला नळ ठिबकतोय,
प्रार्थनेच्या मधल्या शांततेत
सगळ्यांना तेवढाच ऐकू येतो."

आत गार.
भाजलेल्या मक्याचा वास उंबऱ्याशीच थांबला.
सोन्याची वेदी असेल, आहे म्हणतात,
माझी नजर फरशीवर. धंद्याची खोड:
पाणी कुठे जाईल ते जमीन आधी सांगते.
ही सांगत होती, उतार आहे, बेताबेताने,
पाहुण्याला कळू नये इतका.
खात्री करायला खिशातली नातवाची गोटी खाली ठेवली.
सुटली की!
बाकांखालून, खांबाला वळसा घालून, खणखणत,
गुडघे टेकलेल्या एका बाईपर्यंत.
तिने डोळे न उघडता, जप न मोडता,
मागच्या मागे चप्पल तिरकी करून
तिला थोपवलं.

मग दिसला तो.
घुमटातून सोडलेली तार, टोकाला पितळी ओळंबा,
खाली फरशीवर खुणा,
इमारत केव्हा किती कलली त्याच्या.
मी नकळत टोपी काढली.
क्रुसापुढे काढायची राहिली होती.

"खाली तळं होतं," फिदेन्सियो म्हणाला,
"आता चिखल. शहर पाणी उपसतं,
चिखल बसत जातो, आणि आम्ही त्याच्यासोबत."
सहज म्हणाला, घरातल्या म्हाताऱ्याच्या
गुडघ्यांबद्दल बोलावं तसं.

मी किती नळ सोडले असतील आजवर?
हॉटेलांत, दवाखान्यांत, त्या काचेच्या इमारतीत
एकेका मजल्यावर बारा बारा.
प्रत्येक वेळी चावी फिरवून म्हणालो, बघा, आलं.
कुठून आलं, ते
इथे तारेला टांगलेलं होतं.

आणि माझ्याकडे, इस्तापालापात,
मंगळवारी टँकर येतो. कधी येतही नाही.
ओब्दुलिया भाजी धुतलेलं पाणी बादलीत धरते,
मग ते फरशीला, मग कुंडीतल्या निवडुंगाला.
तो बिचारा काही बोलत नाही.

वॉशर झिजला होता. काळं रबर, तीन पेसोंचं.
बदललं. नट आवळला,
जरा जास्तच आवळला.
एक थेंब लोंबला तोटीला,
सरळ, अगदी ओळंब्यात.
पडला नाही.

दोनशे पेसो मिळाले. दाराशी त्या बाईने
काही न बोलता गोटी हातावर ठेवली.
गरम होती.

"अकरा वर्षांनी आत गेलास," कासिमिरो म्हणाला,
"काय पाहिलंस?"
"वॉशर गेला होता."

पुठ्ठा पुन्हा उभा केला. डावीकडे घसरला.
पुन्हा केला.
मग तसाच राहू दिला.